तिसऱ्या बेसखालचे घर

अमेरिकेतील स्टेडियमला तेथील समाजाचा चव्हाटा म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. राष्ट्रगीत तेथे, निषेध तेथे; २००५च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या हजारो नागरिकांनी आसरा घेतला तोही सुपरडोम या स्टेडियममध्येच. मात्र हा चव्हाटा कोणाला उठवून उभा राहतो, हे क्वचितच विचारले जाते. त्याच वर्षी आलेला राय कूडर या संगीतकाराचा ‘चावेझ रव्हीन’ हा गीतसंग्रह नेमके तेच विचारतो.

लॉस एंजेलिसच्या या टेकाडांवर पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन मेक्सिकन-अमेरिकन वस्त्या होत्या. १९५०मध्ये सार्वजनिक घरकुल योजनेसाठी रहिवाशांना घरे सोडण्यास सांगितले गेले. नव्या घरांत अग्रहक्काचे आश्वासन होते. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत योजनेवर समाजवादाचा शिक्का बसला. गृहनिर्माण अधिकारी फ्रँक विल्किन्सन यांनी आपल्या राजकीय संबंधांविषयी उत्तर देण्यास नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. १९५३मध्ये योजनेचे विरोधक नॉरिस पोल्सन महापौर झाले आणि योजना बारगळली. जमीन सार्वजनिक उपयोगाच्या अटीवर शहराकडे आली. पुढे ती ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्स या खासगी बेसबॉल संघाला मिळाली. १९५८च्या सार्वमताने निसटता कौल दिला, मे १९५९मध्ये उरलीसुरली कुटुंबे बळाने बाहेर काढली गेली आणि १९६२मध्ये स्टेडियम खुले झाले.

लोकस्मृतीत राहिले ते शेवटच्या हकालपट्टीचे दृश्य. वस्तुतः बहुतेक घरे संघ येण्यापूर्वीच रिकामी झाली होती. संघालाच खलनायक ठरवले, की मधला विश्वासघात नजरेआड होतो. कूडर ही चूक करत नाही. तो विल्किन्सनवरही गीत रचतो. दुसऱ्या गीतात स्टेडियमबाहेर मोटारी लावून देणारा माणूस आपले घर तिसऱ्या बेसच्या जागी असल्याचे सांगतो.

संग्रहाचा रोख हरवलेल्या वस्तीवर असल्याने पुढची गुंतागुंत मात्र निसटते. १९८१मध्ये मेक्सिकोत जन्मलेल्या फर्नांदो व्हॅलेन्झुएला या पिचरने याच मैदानाकडे मेक्सिकन-अमेरिकन प्रेक्षक ओढून आणले. ज्या समाजाची घरे गेली, तोच तेथे जल्लोष करू लागला. तो आनंद खोटा नव्हता. पण त्याने जुना हिशेब फिटत नाही. गरिबांच्या घरांना ‘सार्वजनिक’ हे विशेषण भोवले; खासगी मैदानाला तेच सोयीचे ठरले.