ऋतक, ऌतक आणि आजचा नामकोश

मराठी घरांतून ठेवल्या जाणाऱ्या नव्या नावांवर जी टीका होते तिचा रोख बहुधा एकाच मुद्द्यावर असतो. या नावांना अर्थ नाही, हा तो मुद्दा होय. टीकेला उत्तर म्हणून पालक नामकोश पुढे करतात. बारशापूर्वी घरात येणारी ‘अर्थासह’ नावांची ही पुस्तिका, आणि तिचीच भ्रमणध्वनीवरील आवृत्ती, प्रत्येक नावापुढे एकदोन शब्दांचा अर्थ देते. टीकाकार आणि नामकोशकार हे परस्परविरोधी पक्ष वाटतात. वस्तुतः दोघांचे गृहीतक एकच आहे. नावाची प्रतिष्ठा त्याच्या कोशगत अर्थावर अवलंबून असते, असे दोघेही मानतात. हे गृहीतक तपासल्यावाचून नव्या नावांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या लेखनात माजलेल्या गोंधळाविषयी, निश्चित असे काही बोलता येणार नाही.

कोश या नात्याने पाहता ही पुस्तिका फारच दुबळी ठरते. अमरकोश पर्यायशब्द देतो, पण लिंगनिर्णयासह देतो. विष्णुसहस्रनामावरील शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले भाष्य नावांचे विग्रह करून दाखवते. नामकोशात विग्रह नाही आणि आधारग्रंथही नाही. ‘विष्णूचे एक नाव’, ‘सूर्यकिरण’, ‘अद्वितीय’, ‘ईश्वराची देणगी’ अशा मोजक्या अर्थांत शेकडो नावे वाटून दिलेली असतात. ‘शर्विल’ या नावापुढे बऱ्याच ठिकाणी ‘श्रीकृष्ण’ असा अर्थ आढळतो. संस्कृतच्या वाचकाला मात्र या नावाने आठवतो तो शूद्रकाच्या मृच्छकटिकातील शर्विलक, म्हणजे चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला शास्त्रोक्त भगदाड पाडून वसंतसेनेचे अलंकार पळवणारा ब्राह्मण चोर. देवलांच्या मराठी रूपांतरामुळे तो मराठी प्रेक्षकालाही अपरिचित नाही. यावरून मुलाचे नाव शर्विल ठेवू नये असे मुळीच ठरत नाही. शर्विलक चोर असला तरी रसिक आहे आणि अखेरीस सत्पक्षाला मिळालेला आहे. ठरते ते इतकेच की, नामकोशातील अर्थ हा पुष्कळदा शब्दाचा अर्थ नसून ग्राहकाच्या इच्छेचा प्रतिध्वनी असतो.

परंतु अर्थ खरा असला तरी त्याने काय सिद्ध होते? ‘मिलिंद’ हे नाव घ्यावे. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भ्रमर, आणि नामकोशही तोच अर्थ देतात. अर्थ अचूक आहे. तथापि महाराष्ट्रात हे नाव ज्या घरांतून मोठ्या प्रमाणावर ठेवले गेले, तेथे भुंग्याची आठवण कोणालाही नव्हती. आठवण होती ती नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या पाली ग्रंथातील राजाची. तो राजा ग्रीक. त्याचे मूळ नाव मेनान्द्रोस. पाली भाषेच्या जिभेवर त्याचे मिलिंद झाले. बाबासाहेब आंबेडकरांनी तत्कालीन औरंगाबाद येथील आपल्या महाविद्यालयाला तेच नाव दिले आणि 1956 च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता यांच्या पंक्तीत ते घरोघर आले. या नावाचा सारा आशय त्याच्या इतिहासात आहे. कोशातील भुंगा त्या आशयाच्या आसपासही फिरकत नाही.

धर्मशास्त्रात अर्थाची अट उघडपणे येते ती मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, आणि कशी येते हे विसरणे परवडणारे नाही. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, अशी ती वर्णवार वाटणी आहे. ‘नावाला चांगला अर्थ हवा’ हे वाक्य आज निरागसपणे उच्चारले जाते. ज्यांना चांगल्या अर्थाचे नाव घेण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या वंशजांनी आज कानाला गोड वाटेल ते नाव निवडले, तर त्यांच्यापुढे व्युत्पत्तीची मागणी करण्याचा अधिकार टीकाकाराला कोठून आला, हा प्रश्न उरतोच. अर्थ सुस्पष्ट असूनही नाव किती घातक असू शकते याचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये ‘नकुशी’, ‘नकोशी’ अशी नावे असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या जुन्या नावांचा अर्थ कोणालाही कोशात पाहावा लागत नव्हता. मुलीविषयी ते काही सांगत नव्हते. सांगत होते ते नाव ठेवणाऱ्यांविषयी.

अर्थ ही कसोटी नव्हे, तर कसोटी कोणती? या प्रश्नाची फार जुनी आणि आजही सर्वांत उपयुक्त चर्चा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात दोन ठिकाणी आलेली आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे ती मराठी अभ्यासकालाही सुलभ झाली आहे. पहिले स्थळ पस्पशाह्निकातील. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजली मुलाच्या नामकरणाचे प्रयोजन देतो. नावाचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ असावा, अक्षरे दोन वा चार असावीत, नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे, असा याज्ञिकांचा नियम होता. पारस्कर गृह्यसूत्रातही तो आढळतो. ज्याला व्याकरण येत नाही त्याला कृत् कोणता आणि तद्धित कोणता हे कसे कळणार, असा पतंजलीचा युक्तिवाद आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या वर्णव्यवस्थेत (वर्ण म्हणजे येथे ध्वनी) अर्थाविषयी अक्षरही नाही. नाव कसे वाजावे आणि कसे घडावे, एवढाच विचार आहे. हा नियम परंपरेने पाळला असेही नाही. राघव, माधव, वासुदेव ही सारी तद्धितान्त नावे होत. आजचे ‘अद्विक’ हे नाव याच न्यायाने पाहता येईल. ‘द्विक’ हा संख्यावाचकापासून झालेला तद्धित. त्याचा नञ् समास करून अद्विक सिद्ध करता येतो. म्हणजे ते निरर्थक नाही. फार तर याज्ञिकांनी मुलासाठी नाकारले असते, आणि त्याच कारणासाठी त्यांना राघवही नाकारावा लागला असता.

दुसरे स्थळ अधिक मोलाचे आहे. ‘ऌ’ हा स्वर वर्णसमाम्नायात का घ्यावा? तो तर एका क्लृप् धातूपुरता. मराठीतही ‘क्लृप्ती’ या एका शब्दापलीकडे तो उरलेला नाही. या शंकेवर जी उत्तरे येतात त्यांपैकी दोन नावांशी निगडित आहेत. एखाद्याचे नाव कोणी स्वेच्छेने ‘ऌतक’ असे ठेवले, तर त्या नावालाही संधिनियम लागू व्हावेत. हा झाला यदृच्छाशब्द. किंवा कोणा स्त्रीला ‘ऋतक’ म्हणावयाचे होते, पण जीभ वळली नाही म्हणून ती ‘ऌतक’ म्हणाली, आणि तिचे बोलणे दुसऱ्याने तसेच सांगितले. हे झाले अशक्तिजाचे अनुकरण. यावर प्रतिपक्ष असा की, यदृच्छाशब्द असे काही नसतेच. ‘ऋतक’ हा शास्त्राला धरून असलेला शब्द उपलब्ध असताना नावातही तोच योजावा. समान अर्थ असता शास्त्रशुद्ध शब्द अशुद्धाला हटवतो, जसा ‘देवदत्त’ हा ‘देवदिण्ण’ला हटवतो.

महाभाष्यातील हा वाद पुढे वेगळ्या वळणाने जातो. प्रस्तुत विषयापुरते महत्त्व आहे ते त्यातील भेदाला. कानाला ऌतक एकच ऐकू येतो. परंतु एक ऌतक कोणीतरी ठरवून ठेवलेला आहे, दुसरा कोणाच्या जिभेवरून घसरलेला आहे. पहिल्याला भाषेत स्थान द्यावे लागते, दुसऱ्याची केवळ नोंद होते. म्हणून नावाचे विचित्र रूप दिसताच पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय’ हा नव्हे. ‘हे रूप कोणी केले’ हा होय.

मराठी नावांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो बव्हंशी देवदिण्णाच्या बाजूने लिहिलेला आहे. नामदेवांच्या मुलांची नावे परंपरेने नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी सांगितली आहेत. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव यांची ही घरात घडलेली रूपे अभंगांच्या मुद्रिकांतही टिकली. फारसीतील शरीफ मराठ्यांच्या घरात आला आणि तंजावरपर्यंत जाता जाता सरफोजी झाला. ही जिभेची सामूहिक कृती होती. तिच्यामागे कोणा एकाची लहर नव्हती, पण तिच्यात एक व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था विभक्तीत आजही दिसते. देव असेल तर ‘शंकराला’ बेल वाहतात, शेजारचा मुलगा असेल तर ‘शंकरला’ हाक मारतात. नदी ‘गंगेला’ पूर येतो, मुलगी ‘गंगाला’ ताप येतो. जुन्या गद्यात ‘शांतेला’, ‘यमुनेने’ अशी रूपे माणसांच्या नावांचीही होत. आता सामान्यरूप देवांकडे आणि नद्यांकडे राहिले, माणसांची नावे अविकृत राहू लागली. ही घडामोड नव्या नावांच्या आधीची आहे. ‘रियांशला’, ‘कियाराने’ ही रूपे तिच्यात सहज बसतात. गल्लीतील मुले ‘अर्णव’चा ‘अर्ण्या’ करण्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीत. भाषेच्या दृष्टीने नवी नावे परकी नाहीत, हे एवढ्यावरून दिसून यावे.

खरी अडचण आहे ती लेखनात. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या आणि 1962 मध्ये शासनाने मान्य केलेल्या 14 नियमांनी (पुढे 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले) व्यक्तिनामांनाही हात घातला होता. ‘हरी’ दीर्घान्त लिहावे, पण ‘हरिकृपा’ या समासात ऱ्हस्व ठेवावे, असे नियम सांगतो. याच नियमांनी ‘नांव’ या शब्दावरील अनुस्वार गेला आणि तो शब्द होडीशी समरूप झाला. तथापि ‘रविंद्र’, ‘सुनिल’, ‘प्रिती’ ही रूपे नियमांनंतरही सर्रास चालू राहिली. रवि आणि इंद्र यांच्या संधीत दीर्घ ई येते हे ज्याला माहीत नाही त्याने ‘रविंद्र’ लिहिले, तर ते पतंजलीच्या दुसऱ्या वर्गातले, म्हणजे अशक्तिज होय. त्यात कोणाचा हट्ट नाही. शिक्षकाने एकदा दुरुस्त केले की काम भागत असे.

आजच्या बहुसंख्य विचित्र रूपांना मात्र यदृच्छा आणि अशक्ती हे दोन्ही वर्ग लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी तिसरा वर्ग मानावा लागतो, आणि त्याला ‘लिपिज’ म्हणता येईल. ‘प्रज्ञा’ हे नाव घ्यावे. मराठी ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असल्याने रोमन लिपीत ते डी, एन आणि वाय या अक्षरांनी लिहिले जाते. हिंदी भाषक तेच नाव जी आणि वायने लिहितो. इथवर काहीच बिघडत नाही. पण रोमन रूप एकदा मूळ मानले गेले, आणि देवनागरी रूप त्यावरून यंत्राने किंवा कारकुनाने परत घडवले, की ‘प्रद्न्या’ जन्माला येते. ‘तन्वी’ची ‘तनवी’ होते, ‘मृण्मयी’ची ‘म्रुन्मयी’. 2010 पासून दिल्या जाणाऱ्या आधारपत्रावर दोन्ही लिप्या असतात, आणि एका लिपीत भरलेल्या नावाचे दुसऱ्या लिपीतील रूप यंत्रच सुचवते. अंकशास्त्राने या प्रकारात भर घातली आहे. ते रोमन अक्षरांना अंक देते, म्हणून बेरीज जुळवण्यासाठी ए किंवा एच ही अक्षरे वाढवली जातात; देवनागरीत या वाढीला जागाच नसते, पण परतीच्या प्रवासात ती ‘आ’कार किंवा महाप्राण होऊन अवतरते. जुन्या ज्योतिषाची मागणीही काही कमी विलक्षण नव्हती. नक्षत्रांच्या 108 चरणांना दिलेल्या आद्याक्षरांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो. मराठी कुटुंबांनी त्यावर काढलेला तोडगा शहाणपणाचा होता: जन्मनाव पत्रिकेत राहिले, व्यवहारनाव वेगळे ठेवले. ग्रहांची मर्जी राखली आणि शाळेच्या हजेरीपटालाही त्रास झाला नाही. अंकशास्त्राने ही भिंत पाडली.

टीकाकारांची चूक येथे दिसते. ‘प्रद्न्या’ पाहून ते पालकांच्या हौसेला दोष देतात. वास्तविक त्या पालकांनी प्रज्ञा हेच पारंपरिक नाव ठेवलेले असते. उलट एखाद्या आईने विचारपूर्वक ‘रुतुजा’ असे लिहिले, कारण मराठीत ऋचा उच्चार रु असाच होतो, तर तो यदृच्छाशब्द आहे. ‘ऋतुजा’ अधिक शुद्ध आहे असे तिला सांगता येईल. तिच्या मुलीचे नाव तिला न विचारता दुरुस्त करता येणार नाही. प्रतिपक्ष्याने ऌतकाला ऋतक करण्याचा जो उपाय सुचवला तो शब्दांच्या जगात शोभतो. हाडामांसाच्या ऌतकाला त्याचे स्वतःचे नाव असते.

विद्यापीठात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश. हेच नाव आज हृषिकेश, ऋषिकेश, ऋषीकेश आणि रुषिकेश असेही लिहिले जाते, आणि ग्रंथालयाच्या अकारविल्हे सूचीत ते ह, ऋ आणि र या तीन ठिकाणी विखुरते. एकाच अभ्यासकाचा प्रबंध एका रूपाखाली, लेख दुसऱ्या रूपाखाली आणि पदवी प्रमाणपत्र तिसऱ्या रूपाने असेल, तर सूचीकाराने शुद्ध रूप निवडून भागत नाही. नोंद करताना त्या व्यक्तीने स्वहस्ते देवनागरीत लिहिलेले रूप मुख्य धरावे, यंत्राने वा कार्यालयाने पाडलेली रूपे पूरक संदर्भ म्हणून द्यावीत, आणि स्वहस्ताक्षर उपलब्ध नसेल तेथेच व्युत्पत्तीचा आधार घ्यावा, हा क्रम महाभाष्यातील भेदाशी जुळणारा आहे. प्रवेशअर्जावर देवनागरी नावाचा रकाना रोमन रकान्याच्या आधी ठेवून तो उमेदवाराकडून हाताने भरून घेतला, तर लिपिज रूपांपैकी पुष्कळशी तेथेच थांबतील.