ऐक्याची कलमे

गोव्याच्या मुक्तिसंग्रामासंबंधी मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत जे लेखन झाले आहे, ते आम्ही गेली काही वर्षे जमेल तसे वाचीत आलो आहोत. या उद्योगाचे कारण स्थानिक आहे. आमच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे एके काळी हिंदुस्थानच्या हद्दीतील शेवटचे रेल्वे-स्टेशन होते. त्यापुढे घाट उतरला की सालाझारचे राज्य. अनमोडची वाटही तिकडेच उतरते, आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याची एक फळी त्याच बाजूने मोले गाठून फोंड्याकडे गेली. ज्यांची कुलदैवते फोंडे महालात आहेत अशी कितीतरी घराणी या डोंगरांतून खाली कारवारपर्यंत नांदत आहेत. सीमेपलीकडची ती राजवट त्यांच्या लेखी केवळ वर्तमानपत्रातील बातमी नव्हती.

या लेखनाविषयी आमची मुख्य तक्रार अशी की, ऐक्याचा प्रश्न आला की ते एक तर खोटे बोलते किंवा गप्प बसते. समारंभांच्या स्मरणिका उघडाव्या, तर सर्व पंथ, सर्व पक्ष खांद्याला खांदा लावून लढले, असे एकच चित्र. उलटपक्षी, वैयक्तिक आठवणी वाचाव्या, तर लेखकाची संघटना तेवढी लढली आणि बाकीचे वाटेत आडवे आले, असा समज व्हावा. ज्यांचे एकमेकांशी पटणे शक्यच नव्हते ती माणसे काही काळ एकत्र कशी वागली, आणि कोठे वागू शकली नाहीत, हा खरा वाचनीय भाग दोन्हींकडे गळतो.

फूट होती, हे आधी कबूल केले पाहिजे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगावी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी येथून जवळच लोंढ्यास नॅशनल काँग्रेस (गोवा) स्थापन झाली. तिचा मार्ग सत्याग्रहाचा. पुढल्याच वर्षी आझाद गोमंतक दल निघाले. त्याचा मार्ग शस्त्राचा. पुढे कम्युनिस्टांची गोवन पीपल्स पार्टी आली, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आला. या सर्वांत मेळ घालावा म्हणून त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी पोर्तुगालहून निसटून आल्यावर १९५३ मध्ये मुंबईस गोवा अ‍ॅक्शन कमिटी काढली. मेळ घालण्यासाठी आणखी एक संस्था काढावी लागावी, यातच सर्व आले.

परंतु या फुटीचे खापर पुढाऱ्यांच्या अहंतेवर फोडून मोकळे होणारे लेखक आम्हांस उथळ वाटतात. जेथे लग्नपत्रिका छापायची तरी ती आधी सेन्सॉरपुढे ठेवावी लागे, पक्ष काढण्यास बंदी होती आणि चार माणसे जमली की पोलीस येत, तेथे एका गटाला दुसऱ्याचे बळ कळावे कसे? गुप्त संघटनेचा पहिला धडाच अविश्वासाचा असतो. हुकूमशाहीला विरोधकांत फूट पाडण्यासाठी मुद्दाम कारस्थान रचावे लागतेच असे नाही. तिने बोलण्याची जागा काढून घेतली की निम्मे काम आपोआप होते. म्हणूनच लोंढे, बेळगाव, सावंतवाडी, कारवार, मुंबई या सीमेबाहेरच्या गावांचे महत्त्व. विरोधकांना एकमेकांशी मोकळेपणी भांडता येईल अशी जागा तेवढीच उरली होती.

दादरा-नगरहवेलीचा दाखला वारंवार दिला जातो. २१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्यस यांच्या युनायटेड फ्रंटने दादरा घेतले. नगरहवेलीत एकीकडून कम्युनिस्ट आणि दुसरीकडून आझाद गोमंतक दल व संघाचे स्वयंसेवक शिरले. सुधीर फडके त्यांत होते, हे वाचकांस ठाऊक असेल. २ ऑगस्टला सिल्वासा पडले. चढाओढीनेही विजय मिळतो, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी नकाशा पाहावा. ती ठाणी चहूबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेली होती आणि दमणहून कुमक येऊ शकत नव्हती. गोव्यात सैन्य होते, बंदर होते. तेथे ही चैन परवडण्याजोगी नव्हती.

आमच्या मते खरा अभ्यासविषय म्हणजे पुण्याची गोवा विमोचन सहाय्यक समिती. हिंदुमहासभेचे जयंतराव टिळक तिच्यात, समाजवादी तिच्यात, कम्युनिस्टही तिच्यात. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी गेली. जूनमध्ये जनसंघाचे जगन्नाथराव जोशी गेले, जुलैत मधु लिमये आणि बंगालचे त्रिदिब चौधरी. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसे सीमेवर गेली आणि पत्रादेवीसह ठिकठिकाणच्या गोळीबारांत वीसाहून अधिक प्राणांस मुकली. या माणसांत विचारांचे ऐक्य नव्हते. समितीच्या तुकडीतून जाणारा निःशस्त्र जाईल, एवढे एक कलम होते आणि ते पुरेसे झाले.

वकिली धंद्यात देवस्थानांचे तंटे आमच्यापुढे पुष्कळ येतात. महाजनांचे दोन पक्ष मानपानावरून वर्षानुवर्षे कोर्टात असतात. तरी जत्रेच्या रात्री पालखीच्या दांडीखाली दोन्ही पक्षांचे खांदे असतात. भक्ती हे याचे कारण खरेच. पण कोणाची पाळी केव्हा हे लिहून ठेवलेले असते, हेही कारण आहे. ज्या देवळात ते लिहिलेले नाही तेथे पालखी अडलेली आम्ही पाहिली आहे.

समितीच्या बाबतीत जे लिहून ठेवायला हवे होते ते म्हणजे मुक्तीनंतर काय. तो प्रश्न गोवेकरांच्या मतावर सोडला आहे, असे स्वच्छ म्हणता आले असते. परंतु ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते, आणि मुक्त गोवा महाराष्ट्रात जाणार हे अनेक पाठीराख्यांनी धरूनच टाकले. गोव्यातील ख्रिस्ती समाजाला आणि कोंकणीच्या अभिमान्यांना हा करार आपल्या पाठीमागे झाल्यासारखा वाटला, तर त्यांना दोष कसा द्यावा? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. त्या मतमोजणीची कडवटता अजून आपल्या दोन भाषांच्या व्यवहारात आहे. दोन भाषांत निघणाऱ्या या मासिकाच्या वाचकांस ती वेगळी सांगायला नको.

येथे कुन्हांच्या १९४४ च्या प्रबंधाविषयी एक शब्द. गोवेकरांच्या विराष्ट्रीकरणावरील तो निबंध आपल्याकडे बहुधा ख्रिस्ती समाजावरील आरोपपत्र म्हणून वाचला जातो. हे वाचन चुकीचे आहे. आरोपी सालाझारची राजवट व तिची पूर्वपरंपरा आहे, आणि फिर्यादी स्वतः ख्रिस्ती कुळातला. मिनेझिस, मास्कारेन्यस, पीटर आल्वारिस ही नावे देवळाच्या आवारात जमणाऱ्या आपल्या मंडळींच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतात, याची आम्हांस खंत वाटते.

पुढचा अध्याय गोव्याबाहेर घडला. १९७५ च्या आणीबाणीनंतर १९७७ मध्ये समाजवादी आणि जनसंघ एका पक्षात विलीन झाले. गोव्याच्या लढ्यात एकाच समितीमागे उभ्या राहिलेल्या लिमये आणि जोशी यांच्या निष्ठा आता एका ध्वजाखाली आल्या. आणि संघाच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद, ज्यात लिमये सर्वांत पुढे होते, दोन वर्षांत विकोपाला गेला. १९७९ च्या जुलैत सरकार कोसळले. जी माणसे एका कामापुरती एकत्र राहू शकली होती, त्यांच्यावर सर्व काळासाठी एक होण्याची सक्ती झाली. आणीबाणी उठवण्यापुरता करार असता तर तो पाळला गेला असता, असे आम्ही खात्रीने म्हणणार नाही. पण मोडला तेव्हा विश्वासघाताची भाषा तरी झाली नसती.

मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ आम्ही पुन्हा हाती घेतो ते याच संदर्भात. रानडे आझाद गोमंतक दलाचे, शस्त्राच्या मार्गाचे. त्यांच्याप्रमाणेच पोर्तुगालच्या तुरुंगात असलेले तेलो मास्कारेन्यस पोर्तुगीज भाषेत कविता लिहिणारे, निराळ्याच घडणीचे. बाहेर असते तर दोघे एका व्यासपीठावर बसले असते की नाही, कोण जाणे. गोवा मुक्त झाला तरी लिस्बनने दोघांनाही सोडले नाही. रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत, मास्कारेन्यस १९७० मध्ये.