सापडलेले द्रव्य, अलंकार आणि स्थळ

अलंकाराचे मूल्य धातूच्या वजनावर ठरू नये, हा विचार पाश्चात्त्य अलंकारकलेत गेल्या अर्धशतकात दृढ झाला आहे. स्विस कलावंत ओटो क्युन्झली याने १९८० मध्ये सोन्याची गोळी काळ्या रबराच्या कड्यात दडविली व त्या कृतीस ‘सोने आंधळे करते’ असे नाव दिले. बर्नहार्ट शोबिंगर याने फुटक्या बाटल्यांच्या गळ्यांचा हार केला. याच विचाराच्या ओघात नदीकाठचा गोटा वा खापराचा तुकडा अंगावर घालून स्थळाशी नाते सांगण्याची प्रवृत्तीही वाढली. वस्तू जेथे सापडली ते स्थळ तिच्यात आपोआप उतरते, असे या प्रवृत्तीचे गृहीत आहे. सातारा-सांगली भागातील अलंकारपरंपरेच्या कसोटीवर ते कितपत टिकते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पुतळ्यांची माळ या भागात सुपरिचित आहे. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्याच्या एका बाजूस ख्रिस्त, तर दुसऱ्या बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असे. व्यापाराबरोबर आलेल्या या नाण्यावरील मनुष्याकृतींमुळे मराठी माणसाने त्याला ‘पुतळी’ म्हटले व ते गळ्यात ओवले. व्हेनिसचे गणराज्य १७९७ मध्ये लयास गेले; पुतळी मात्र सोनाराच्या ठशातून घडतच राहिली. गोंधळ्याच्या माळेतील कवडीही दूरच्या समुद्रातली. परंतु प्रतापगडच्या भवानीपुढे ती समुद्राची नव्हे, देवीची खूण असते. बोरमाळ, जवमाळ आणि बकुळीहार यांचे सोने परमुलखातले, तथापि आकार व नाव शिवारातले. तात्पर्य, स्थळ हे द्रव्याच्या उगमात नसून लोकांच्या परिपाठात असते.

यावरून द्रव्य गौण आहे असे मात्र ठरत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तेथील अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुने दागिने वितळवून सोने शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. मुशीतून निघालेल्या सोन्यात आधीच्या दागिन्याचा घाट उरत नाही, घालणारीचे गावही उरत नाही. खापर असे नव्याने वितळत नाही. त्यावरची झीज त्याच्याबरोबर राहते. सापडलेल्या द्रव्याचे खरे सामर्थ्य या अपरिवर्तनीयतेत आहे.

त्याची मर्यादाही तेथेच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दागिना हे स्त्रीधन असते आणि पाऊस न पडलेल्या वर्षी ते गहाण पडते. वितळण्याची जी शक्ती स्मृती पुसते, तीच घर तगविते. कृष्णेच्या काठचा गोटा सावकार ठेवून घेणार नाही. सोन्याचा धिक्कार हा, या दृष्टीने, सोने गहाण टाकण्याची वेळ न आलेल्यांचा विचार आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे.

म्हणून अशा अलंकाराचे परीक्षण करताना ‘ही वस्तू कोठे सापडली?’ एवढ्या प्रश्नावर थांबणे योग्य नाही. तिला तेथील लोकांनी कोणते नाव दिले, ती कोण घालते आणि अडचणीच्या दिवसांत तिचे काय होते, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. त्यांना उत्तर देणारी कृतीच स्थळाची ठरेल; इतर कृती त्या स्थळाची केवळ आठवणवस्तू राहतील.