हैदराबादची रेसिडेन्सी व पुण्याचे वकील

निजामाच्या राजधानीतील वकिलातींच्या वस्तीविषयी जे लेखन होते, त्यात मुसी नदीच्या उत्तर तीरावरील इंग्रजी रेसिडेन्सीच सर्व पाने व्यापते. कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारविलेला स्तंभयुक्त प्रासाद, ता. १७ जुलै १८५७ रोजी तुरेबाजखान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी त्यावर केलेला हल्ला, १९४९ त तेथे आलेले स्त्रियांचे महाविद्यालय, हे वर्णन यथार्थ आहे. परंतु एकांगी आहे, असा आमचा आक्षेप आहे.

हा प्रासाद उठण्यापूर्वी पेशव्यांचे वकील गोविंदराव कृष्ण काळे याच दरबारी होते. चौथाईच्या थकबाकीचा तगादा त्यांच्यामार्फत चाले. तिचा निकाल शेवटी १७९५ त खर्ड्याच्या रणावर लागला. त्यांचे स्मारक म्हणजे त्यांची पत्रे. केवळ इमारत पाहून लिहिणाऱ्यास ती दिसावीत कशी?

खर्डे आमच्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत आहे, आणि हा जिल्हाही १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली होता. येथील घराण्यांतील मोडी रुमाल रद्दीत जाण्यापूर्वी एकवार सोडून पाहावेत. संग्राहकांनी प्रासादाच्या चित्रांइतकाच पैसा त्यांवर वेचावा, ही आमची विनंती आहे. वाळवी कोणाचीही वाट पाहत नाही.