विल्यम लँबार्डचें दप्तर

ग्रंथकाराची कीर्ति त्याच्या छापील ग्रंथावर उभी असते. पण त्याची योग्यता पुष्कळदां छापण्यासाठीं न लिहिलेल्या कागदांवरूनच ठरवावी लागते. इंग्लंडांतील केंट परगण्याचा इतिहासकार विल्यम लँबार्ड (१५३६–१६०१) याच्याविषयीं आमचें मत असेंच झालें आहे.

लँबार्ड हा लंडनच्या लिंकन्स इनमध्यें शिकलेला कायदेपंडित. १५६८ सालीं त्यानें प्राचीन अँग्लो-सॅक्सन कायदे लॅटिन भाषांतरासह छापले. त्याचा मित्र लॉरेन्स नॉवेल यानें परदेशीं जातांना आपले कागद त्याच्या स्वाधीन केले होते. त्यांचा या कामीं त्यास मोठा उपयोग झाला. पुढें १५७६ सालीं त्याची ‘केंटची परिक्रमा’ प्रसिद्ध झाली. इंग्लंडांतील एकाच परगण्यास वाहिलेला हा पहिलाच छापील इतिहास. बापाच्या जमिनीचे सर्व मुलग्यांत सारखे वांटे करणारी केंटची ‘गॅव्हलकाइंड’ ही चाल तो ज्या बारकाईनें मांडतो, तेथें वकील आणि इतिहासकार एकजीव झालेले दिसतात. पण मठांचा विषय निघाला कीं त्याचा तोल सुटतो. बॉक्स्लेच्या मठांतील कळसूत्री क्रूसमूर्तीची हकीकत सांगतांना तो निव्वळ फिर्यादीचा वकील बनतो.

हा दोष त्याच्या खाजगी टिपणवहींत नाहीं. ‘जस्टिस ऑफ दि पीस’, म्हणजे परगण्यांतील न्यायाधिकारी, या नात्यानें १५८० ते १५८८ पर्यंत केलेल्या कामाची ही वही ‘एफेमरिस’ या नांवानें ओळखली जाते. ज्यूरी वगैरेंपुढील त्याच्या २९ भाषणांसह ती १९६२ सालीं कॉनियर्स रीड यानें संपादून प्रसिद्ध केली. सासऱ्यासह बसून केलेले निवाडे, गुत्त्यांचे परवाने, घेतलेले जामीन, भटक्यांस दिलेले फटके व कानाला डाग, अनौरस मुलांच्या पोषणाची व्यवस्था—सारें दोनचार ओळींत, तारखेवार. वर्णन नाहीं, उपदेश नाहीं. तरीही राज्यसत्तेचा हात गरिबांच्या संसारावर कसा पडत होता, हें या रुक्ष नोंदींवरून जितकें कळतें तितकें ‘परिक्रमे’वरून कळत नाहीं. मात्र आरोपीचें स्वतःचें म्हणणें यांत क्वचितच ऐकूं येतें. लेखणी न्यायासनावरच्या माणसाची आहे, हें वाचकानें विसरतां कामा नये.

याच कागदांवरून त्याचा स्वभावही दिसतो. सर्व इंग्लंडचा स्थलकोश करण्यासाठीं त्यानें पुष्कळ साधनें जमविलीं होतीं. परंतु विल्यम कॅम्डेन तेंच काम करीत आहे असें कळतांच त्यानें तें सोडून दिलें. कॅम्डेनचा ‘ब्रिटानिया’ १५८६ सालीं निघाला. लँबार्डचीं टिपणें छापलीं गेलीं तीं थेट १७३० सालीं. अशी निर्मत्सर वृत्ति विद्वानांत दुर्मिळ होय.

त्याच्या नांवाशीं निगडित असलेला सर्वांत प्रसिद्ध कागद मात्र निराळाच आहे. टॉवरमधील दप्तराची सूची त्यानें ऑगस्ट १६०१ मध्यें एलिझाबेथ राणीस अर्पण केली. तेव्हां दुसऱ्या रिचर्डची कारकीर्द येतांच राणीनें ‘तो रिचर्ड मीच’ अशा अर्थाचे उद्गार काढले, असें त्या संवादाचें टिपण सांगतें. एसेक्सचें बंड त्याच वर्षीं फेब्रुवारींत झालें होतें. संवादानंतर पंधराच दिवसांनीं लँबार्ड वारला; टिपण छापलें गेलें तें अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याच्या खरेपणाविषयीं विद्वानांत वाद झाला आहे. शेक्सपिअरच्या नाटकामुळें या उद्गारांस मोठा रंग चढला. म्हणूनच त्यांचा पुरावा अधिक कसून तपासला पाहिजे. लँबार्डनें आयुष्यभर साक्षीदारांस जो प्रश्न विचारला, तोच येथें त्याच्या दप्तरास विचारणें प्राप्त आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आजा-पणजांच्या वकिलीचीं दप्तरें असतील. त्यांत राणी भेटणार नाहीं. पण जामीन, वांटण्या, पोटगी, वहिवाटीचे तंटे खचित भेटतील. तीं रद्दींत घालण्यापूर्वीं ‘एफेमरिस’चीं दहा पानें तरी वाचावींत, अशी आमची शिफारस आहे.