सर्व्हरवरील आज्ञावली वेबपृष्ठात गुंफण्याच्या मर्यादा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी सार्वजनिक केली. १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची एएसपी आणि १९९९ मध्ये सन कंपनीची जेएसपी आली. तिन्हींचे सूत्र एकच होते : एचटीएमएलच्या मजकुरातच आज्ञावली लिहावी आणि सर्व्हरवर तिचे फलित त्याच जागी उमटावे. तत्पूर्वी सीजीआय पद्धतीत प्रोग्रामच्या पोटातून एचटीएमएलची एकेक ओळ छापावी लागे. ती कसरत संपली व अल्प अभ्यासावर गतिमान पृष्ठे रचता येऊ लागली. हे श्रेय नाकारता येत नाही. तथापि या पद्धतीच्या खऱ्या मर्यादा वेगाच्या नसून रचनेच्या आहेत, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा क्रमाची. एचटीटीपीच्या नियमानुसार कुकीची सूचना मजकुराआधी पाठवावी लागते. पीएचपीत मात्र आज्ञेच्या खुणांबाहेरील प्रत्येक अक्षर हा मजकूरच ठरतो. त्यामुळे आरंभखुणेपूर्वी राहिलेली एक रिकामी ओळसुद्धा, बफर बंद असल्यास, लॉगिन बिघडवू शकते. चूक तर्कात नसून मांडणीत असते. म्हणूनच ती नवशिक्यास सापडत नाही.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. पीएचपीतील 'एको' ही आज्ञा दिलेला मजकूर जसाच्या तसा उमटवते. तो परिच्छेदात पडतो, टॅगच्या गुणधर्मात की जावास्क्रिप्टमध्ये, हे तिला कळत नाही. विशेष चिन्हे निष्प्रभ करण्याचे नियम मात्र या तिन्ही ठिकाणी निराळे आहेत. ते पाळण्याचा भार प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर पडतो आणि एका विस्मरणातून क्रॉस-साईट स्क्रिप्टिंगला वाट मिळते.

तिसरी मर्यादा तपासणीची. शुल्क-आकारणीचे सूत्र तक्त्याच्या रकान्यातच लिहिले, तर संपूर्ण पृष्ठ चालविल्याविना ते तपासता येत नाही. दुसऱ्या पृष्ठास तेच सूत्र हवे असल्यास त्याची नक्कल होते. पुढे दर बदलला की एखादी नक्कल जुनीच राहते.

प्रतिवाद :
'शिस्त पाळली की पुरे', असा युक्तिवाद यावर केला जातो. तो अपुरा आहे, कारण तंत्रज्ञान घडविणाऱ्यांनीही केवळ शिस्तीवर विसंबणे सोडले. एएसपी.नेटने २००२ मध्ये आज्ञावली स्वतंत्र फाईलीत ठेवण्याचा मार्ग दिला. २००३ च्या जेएसपी २.० मध्ये पृष्ठातील जावा आज्ञावलीस मनाई करण्याचीच सोय झाली. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये मांडलेली मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही विभागणी पुढे वेबवर रुजली, तीही याच गरजेपोटी. अर्थात, दर्शनापुरती अट वा पुनरावर्तन पृष्ठात असणे गैर नाही. गणन व निर्णय तेथे असणे गैर आहे.

निष्कर्ष :
हा प्रश्न अध्यापनाचाही आहे. पडद्यावर पृष्ठ नीट दिसताच प्रकल्पास गुण दिले, तर विद्यार्थी सरमिसळच शिकतो. तोंडी परीक्षेत 'हे सूत्र पृष्ठाविना चालवून दाखवा', एवढेच विचारावे. जे अनेक व्याख्यानांनी पटत नाही, ते त्या एका प्रश्नाने उमजेल.