टॉवर, चिमणी आणि शिट्टी : ‘२.०’ च्या प्रेक्षकांविषयी

विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस रजनीकांतच्या सिनेमावर काय बोलणार? आम्ही सिनेमावर फारसं बोलणार नाहीच. सिनेमा बघणाऱ्यांवर बोलणार आहोत. शंकर दिग्दर्शित ‘२.०’ हा २९ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. २०१० च्या ‘एंदिरन’चा, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’चा हा पुढचा भाग. आपल्या नागापूरच्या एमआयडीसीत काम करणारी कितीतरी मंडळी तो हिंदीत बघून आली, आणि पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर त्यावर वाद चालला. त्या वादात जे आमच्या कानावर आलं, तेच आजच्या व्याख्यानाचं भांडवल.

प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा अभ्यास काही आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय त्यासाठीच आहे. प्रयोग सिद्ध झाला हे कशावरून ओळखायचं, तर भरत दोन प्रकारच्या सिद्धी सांगतो. पहिली मानुषी. प्रेक्षक हसतो, ‘वा’ म्हणतो, ‘अरेरे’ म्हणतो, आरडाओरडा करतो, अंगावर रोमांच येतात, उठून उभा राहतो, अंगावरचं वस्त्र भिरकावतो. म्हणजे शिट्टी आणि टॉवेल उडवणं याला चांगली दोन हजार वर्षांची परंपरा आहे. (हशा) दुसरी दैवी. रंगगृह गच्च भरलेलं आहे, आणि तरी आवाज नाही, गडबड नाही. प्रयोग बिघडवणारे घातही त्याने सांगितलेत, बरं का. शत्रुपक्षाने शेण फेकणं, मुंग्या सोडणं वगैरे. ते आज सोडून देऊ.

आता ‘२.०’ला या दोन्ही सिद्धी कुठे मिळाल्या ते बघा. सुरुवातीला माणसांच्या हातातले मोबाइल सटासट उडून आकाशात जातात, तेव्हा थिएटर हसतं. शेजारच्याने खिसा चाचपला की आणखी हसतं. चिट्टी पुन्हा जोडला जातो, तेव्हा शिट्ट्या. मग लाल चिप बसवलेला, उर्मट, आवृत्ती २.० चा चिट्टी येतो, तेव्हा तर विचारू नका. रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. आपल्या लोकांना त्याचा म्हणून एक वेगळा अभिमान असतोच. हे सगळं मानुषी झालं.

पण मध्ये एक पट्टा येतो. खलनायक पक्षिराजनची पूर्वकथा. अक्षय कुमारने केलेला हा म्हातारा पक्षितज्ज्ञ. जन्मला तेव्हा मेल्यातच जमा होता, एका चिमणीमुळे जगला. त्याने पक्ष्यांना आसरा दिला आणि डोळ्यांदेखत ते पक्षी मरून पडताना पाहिले. मोबाइलच्या टॉवरमुळे पाखरं मरताहेत हे सांगत तो दारोदार फिरला. दुकानदार ऐकत नाही, कंपनीवाला ऐकत नाही, मंत्री ऐकत नाही, रस्त्यावरचा माणूस तर फोनवरच असतो. शेवटी टॉवरवर गळफास घेतो. या वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नव्हतं, असं आम्हाला वेगवेगळ्या वयाच्या चार-पाच जणांनी सांगितलं. वेल्डिंगच्या खात्यातला एक तरुण म्हणाला, “सर, व्हिलनचंच बरोबर होतं. पण मारला तेव्हा शिट्टी मीच वाजवली.”

या एका वाक्यासाठी आम्ही हे व्याख्यान घेतलं. दैवी सिद्धी खलनायकाच्या दुःखाला मिळाली आणि मानुषी सिद्धी त्याला चिरडणाऱ्या यंत्राला. एकाच माणसाकडून, तासाभराच्या अंतराने. हा प्रेक्षकाचा भाबडेपणा म्हणायचा का? आमचं मत तसं नाही. हा दोष प्रेक्षकाचा नाही, कथेचा आहे.

पहिल्या भागात बघा, प्रश्न यंत्राच्या पोटात होता. चिट्टी आगीतून एका मुलीला वाचवतो, पण ती उघडी आहे याचा अर्थ त्याला कळत नाही. लाजेने ती मुलगी गाडीखाली जीव देते. मग त्याला भावना दिल्या, तर तो प्रेमात पडला. शेवटी संग्रहालयात ठेवलेला, सुटा केलेला चिट्टी एका शाळकरी मुलीला सांगतो, की मी विचार करायला लागलो म्हणून मला मोडलं. देकार्तला हे ऐकवायला हवं होतं. दुसऱ्या भागात चिट्टीला असा एकही प्रश्न उरलेला नाही. तो बंदोबस्तावरचा पोलीस झालाय. विचार करण्याचं काम सगळं खलनायकाकडे गेलं आणि खलनायकाला तर मरायचंच असतं.

आता दुसरी बाजू. प्रदर्शनाच्या आधी सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती, की हा चित्रपट मोबाइल आणि टॉवरविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो. गंमत अशी की तक्रारीतला विज्ञानाचा मुद्दा बऱ्याच अंशी बरोबर आहे. भीती मात्र चुकीची. प्रेक्षक जे बघेल ते गिळेल, ही ती भीती.

विज्ञानाचा मुद्दा आपण आपल्या न्यायशास्त्राने तपासू. काकतालीय न्याय तुम्हाला माहीत आहे. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही. गावात टॉवर आला आणि अंगणातली चिमणी गेली, एवढ्यावरून टॉवरने चिमणी मारली असं म्हणता येत नाही. कार्यकारण म्हणायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही दाखवावे लागतात. जिथे टॉवर तिथे घट, जिथे टॉवर नाही तिथे घट नाही. इंग्लंडमध्ये चिमण्यांची घट १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसते. तिथे मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ साली. व्यतिरेक गेला. आणि अन्वय? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२० चा अहवाल सांगतो की देशभराचा विचार केला तर चिमणी गेल्या पंचवीसेक वर्षांत बऱ्यापैकी टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या महानगरांत. टॉवरच्या लहरींचा संबंध जोडावा असा पुरावा नाही, असंही तो म्हणतो. टॉवर तर आता खेडोपाडी आहेत. भारताने २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तो सावधगिरीचा उपाय होता. सावधगिरी म्हणजे पुरावा नव्हे.

मग चिमणी कुठे गेली? तुम्हीच आठवा. कौलारू घराची वळचण, वासे, भिंतीवर तिरका टांगलेला आजोबांचा फोटो आणि त्याच्यामागचं घरटं. स्लॅबच्या घराला वळचणच नाही, फोटो भिंतीला चिकटवलेला. दाणा निवडून कोंडा अंगणात पाखडणं थांबलं. पिल्लांना किडे-अळ्या लागतात, त्या फवारणीने कमी झाल्या. आपल्या शेजारच्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून सुरू केला. त्यांनी काय केलं, तर घरट्याची खोकी टांगायला लावली. सिनेमात हे दाखवता येत नाही. अभियंता, बिल्डर, फवारणी करणारा शेतकरी, पाखडायचं सोडलेली सूनबाई आणि आपण सगळे मिळून खलनायक, असा सिनेमा कोण काढणार? टॉवर उंच आहे, एकटा उभा आहे, कंपनीचा आहे. कॅमेऱ्याला तो सोयीचा पडतो.

म्हणून आमची चित्रपटावरची खरी तक्रार कंपन्यांपेक्षा वेगळी आहे. लोक जे गप्प झाले ते दुःख खरं होतं. प्रत्येकाच्या घरातून काहीतरी उडून गेलेलं आहे. त्या खऱ्या दुःखाला सिनेमाने चुकीचा पत्ता दिला. आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेलं दुःख थिएटरच्या दारातच संपतं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी आधी फोन सुरू केला, हे त्याच तरुणाने आम्हाला सांगितलं.

योग्य पत्ता आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य सोलापूरच्या नान्नजचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आपल्या कर्जत-श्रीगोंद्यातही पसरलेलं. माळढोक हा जड पक्षी. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. माळरान नांगरलं गेलं ते वेगळंच. राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घाला, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता, आणि २०२४ मध्ये अडचणी सांगितल्या गेल्यावर तो बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौर आणि पवनऊर्जेची वीज वाहायची कशी, ही ती अडचण. म्हणजे इथेही खांब आहे आणि पक्षीही मरतोय. फरक एवढाच, की इथे अन्वय-व्यतिरेक दोन्ही जुळतात, आणि समोर दुष्ट मंत्री नसून आपल्याला हवी असलेली हरित वीज आहे. पक्षिराजनला हे प्रकरण दिलं असतं तर चित्रपट अवघड झाला असता, आणि मोठाही.

शेवटच्या लढाईकडे येतो. पक्षिराजन शास्त्रज्ञ वसीगरनच्या शरीरात शिरून बसलाय. त्याला बाहेर कसा काढला? बोटाएवढे यंत्रमानव कबुतरांवर बसून येतात आणि कबुतरांनाच उडवून देण्याची धमकी देतात. पक्षी वाचावेत म्हणून पक्षिराजन शरण येतो. म्हणजे नायकाने ओलीस धरले ते पक्षी, आणि ज्याच्या मनात दया आहे तो हरला. या प्रसंगाला टाळ्या पडल्या. संपता संपता वसीगरन म्हणतो की पक्षिराजनचा मार्ग चुकला, पण मुद्दा बरोबर होता. तेव्हा मात्र अर्धं थिएटर उठून दरवाजाकडे निघालेलं असतं.

त्या तरुणाला आम्ही विचारलं, कबुतरांच्या वेळीही शिट्टी वाजवलीस का? थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “तेव्हा नाही वाजवली सर. तेव्हा काहीतरी खटकलं, पण काय ते कळलं नाही.”

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय.